लिलीपाँड की एबीसी : बँडच्या पोरांना काय शिकवावं?

पावसाळ्यात लग्नाच्या तारखा नसतात. तेव्हा आमच्या अमळनेरची बँडमधली पोरं माझ्याकडे नोटेशन शिकायला बसतात. भातखंडे पद्धतीत स्वर लिहिता येतात, आता स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, टाइप करून छापायचंय, तर टाइप केलेल्या अक्षरांवरून नोटेशन छापणारं लिलीपाँड हे सॉफ्टवेअर घ्यावं, की अक्षरांतच सूर लिहायची एबीसी ही पद्धत? मी दोन्ही शिकवून पाहिली आहेत.

छपाई लिलीपाँडचीच देखणी, यात वाद नाही. १९९६ साली दोन डच संगीतप्रेमींनी ते सुरू केलं. म्हणून मुळात तीव्र स्वराला 'इस' आणि कोमलला 'एस' जोडावं लागतं. एका ओळीत इंग्रजी नावं करून घेता येतात, त्याचा मला फार त्रास झाला नाही.

त्रास झाला तो 'सा प'चा. एक पोरगा कानबाईचं गाणं उतरवत होता. सुरुवातीलाच मध्य सा वरून पंचमावर उडी. त्यानं सा साठी सी आणि प साठी जी टाइप केलं, कागदावर उमटला मंद्र प. लिलीपाँडच्या रिलेटिव्ह पद्धतीत मागच्या स्वराला जवळचा स्वर धरला जातो. सा पासून वरचा प पाचवा, खालचा चौथा, म्हणून खालचा. वर जायचं तर जी नंतर वर टांगलेलं एकेरी चिन्ह हवं. ते राहिलं आणि पुढचं अख्खं गाणं एक सप्तक खाली गेलं. चूक दुसऱ्या स्वरात, आणि पोरगा शेवटच्या ओळीत ती शोधत बसलेला. रडकुंडीला आला होता. रिलेटिव्हऐवजी फिक्स्ड, म्हणजे मागच्या स्वरावर न विसंबणाऱ्या पद्धतीनं, लिहिलं तर ही भानगड मिटते, हे खरं. पण नवशिका जो तयार नमुना उचलतो, तो बहुधा रिलेटिव्हच असतो.

एबीसी ख्रिस वॉल्शॉ यांनी लोकधुना टिपण्यासाठी आणलं. मध्य सप्तक कॅपिटल, तार सप्तक स्मॉल, मंद्राला पुढे स्वल्पविराम. भातखंड्यांचा सप्तक दाखवणारा बिंदू जसा ज्या-त्या स्वराचा, तसंच. मोबाइलचा कीबोर्ड कधी आपोआप कॅपिटल करतो, तेवढं सांभाळावं लागतं. पण बिघडतो तो एकच स्वर.

मात्रांचंही तसंच. लिलीपाँडमध्ये चार म्हणजे एक मात्रा, दोन म्हणजे दोन, आठ म्हणजे अर्धी. आकडा वाढला की स्वर आखूड, हे पोरांच्या गळी उतरत नाही. एबीसीत एकदा मात्रा ठरवली की दोन म्हणजे दोन मात्रा.

क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम अशा सगळ्यांचे वेगळे कागद काढायचे असतील तर माझ्या मते लिलीपाँडच बरं, आणि ते मी स्वतः करतो. एबीसीची फाइल लिलीपाँडमध्ये आणणारा छोटा प्रोग्राम लिलीपाँडसोबतच येतो; नंतर थोडी हातानं डागडुजी लागते. पोरांना मात्र पहिल्या दिवशी एबीसीची मात्रा ठरवणारी ओळ वहीत लिहून देतो आणि सी, जी टाइप करायला सांगतो. प जिथं हवा तिथं, वरच उमटतो.