हृदयरुग्णाची भूल: प्रोपोफॉल, इटोमिडेट, केटामिन की स्पायनल?

हर्निया किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी आलेला रुग्ण हृदयविकाराचा निघाला, तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघा, औषध मागाहून ठरवा. पंप (म्हणजे हृदयाचा स्नायू) कमजोर आहे, कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या) अरुंद आहेत की झडप आवळली आहे, यावर सगळी निवड फिरते.

प्रोपोफॉल या झोपवणाऱ्या इंजेक्शनवर सगळ्यांचाच हात बसलेला असतो. पण त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरलं तरी नाडी हवी तशी वाढत नाही. निरोगी माणसाला किलोमागे 2 मिलिग्रॅम लागतं, इथे 0.5 ते 1 पुरे, तेही 20-20 मिलिग्रॅम करून. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं तो रक्ताचा वाटा) 30 टक्क्यांच्या घरात असेल तर औषध मेंदूपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. घात होतो तो इथेच: पापणी मिटत नाही म्हणून पुढचा डोस घाईने जातो, आणि मग दोन्ही डोसांचा परिणाम एकदम दिसतो.

कमजोर पंपाला आमची पसंती इटोमिडेट (हेही झोपवणारं इंजेक्शन), किलोमागे 0.2 ते 0.3 मिलिग्रॅम. बीपी फारसं हलत नाही. मात्र ते वेदनाशामक नाही. फेन्टानिल या वेदनाशामकाशिवाय श्वासनलिकेत नळी घातली तर नाडी उसळते, आणि कोरोनरीच्या रुग्णाला नेमकं तेच बाधतं. एका डोसनेही कॉर्टिसॉल (ताण पेलणारं संप्रेरक) काही तास दबतं, म्हणून सेप्सिसमध्ये (गंभीर जंतुसंसर्गात) टाळलेलं बरं.

केटामिन हे भुलीचं तिसरं इंजेक्शन नाडी वाढवतं, त्यामुळे इस्केमिया (हृदयाला रक्त कमी पडणं) आणि एओर्टिक स्टेनोसिसमध्ये (महाधमनीची झडप आवळलेली असताना) नको. टॅम्पोनाडमध्ये (हृदयाभोवती द्रव साचून ते दाबलं जातं तेव्हा) मात्र तेच कामाला येतं.

‘स्पायनल (कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं) म्हणजे सुरक्षित’ हा समज नातेवाइकांचाच नाही, सर्जनचाही असतो. गंभीर एओर्टिक स्टेनोसिसमध्ये एका झटक्यात दिलेल्या स्पायनलने बीपी कोसळतं आणि जाड झालेल्या स्नायूला कोरोनरीतून रक्त पुरत नाही. तिथे हळूहळू वाढवलेलं एपिड्युरल (कण्याजवळ बारीक नळीतून थोडंथोडं औषध), नाहीतर जनरल (पूर्ण भूल). दोन्हींत बीपी चढवणारं फेनिलएफ्रिन भरून तयार, एका वेळी 50 ते 100 मायक्रोग्रॅम. मायट्रल गळतीत (हृदयातली मायट्रल झडप नीट न मिटल्याने रक्त मागे येतं तेव्हा) उलट: सैल रक्तवाहिन्या फायद्याच्या, मंद नाडी तोट्याची. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गाठी रोखणारी गोळी) 5 ते 7 दिवस बंद नसेल तर स्पायनल बादच, आणि नव्या स्टेंटवाल्याचं ते परस्पर थांबवू नये.

पुढे गॅस चालवावा की प्रोपोफॉलचं इन्फ्युजन, यात फारसा फरक पडत नाही. डेसफ्लुरेन हा भुलीचा गॅस तेवढा झटकन वाढवू नका, नाडी धावते.

गंभीर स्टेनोसिस किंवा कमजोर पंप असेल तर आर्टरी लाइन (धमनीत घालून बीपी सतत दाखवणारी नळी) भुलीआधीच, लोकल देऊन घाला. मीन (सरासरी) बीपी 65च्या खाली गेलं की लगेच दिसायला हवं; तीन मिनिटांनी फुगणारा कफ ते उशिरा सांगतो.