फल्लीदाणा शोधायचा की वेगळा ठेवायचा? स्ट्रिप, लॅब आणि दुसरी कढई

नागपूरच्या हिंगणा रोडला चिवडा-शेवेचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका ताईंना शाळेच्या कॅन्टीनची ऑर्डर आली. पोह्यांचा चिवडा हवा, पण दाणे नकोत, कारण दोन मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच शेडमध्ये त्याच भट्टीवर रोज फल्लीदाण्याचे, म्हणजे शेंगदाण्याचे, घाणे निघतात. ताईंचा प्रश्न सरळ होता: "पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. तपासणीच्या स्ट्रिपचा डबा आणू, लॅबला सॅम्पल पाठवू, की दुसरी कढई मांडू?" मी अशाच एका युनिटमध्ये बरीच वर्षं क्वालिटी सांभाळली आहे. फोनवर मी त्यांना घाईत काहीबाही सांगितलं. नीट उत्तर हे आहे.

आधी एक ठरवायचं, की आपण दाण्याच्या मागे आहोत की धुळीच्या. सगळी निवड इथेच फिरते आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

मध्यम आकाराचा एक फल्लीदाणा साधारण अर्धा ग्रॅम भरतो. त्यात पाव भाग प्रथिन, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम. ॲलर्जी होते ती या प्रथिनाची. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन ही संदर्भ मात्रा सुचवली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांना एवढ्या मात्रेला डोळ्यांना दिसेल असा त्रास होऊ शकतो, असा त्यामागचा हिशेब. आता ५० ग्रॅमच्या पाउचमध्ये दाण्याची एक पाकळी, म्हणजे अर्धा दाणा पडला असं धरा. साठेक मिलिग्रॅम प्रथिन झालं, मात्रेच्या तीसपट.

समजा दोनशे पाउचांपैकी एकात ही पाकळी आहे. लॅबला तुम्ही तीन पाउच पाठवता. पाकळीचा पाउच त्या तिनांत असण्याची शक्यता दीड टक्का. रिपोर्टवर "आढळले नाही" येतं, तुम्ही तो फ्रेममध्ये लावता, आणि तो पाउच कॅन्टीनच्या बरणीत पडलेला असतो. यात लॅबची काही चूक नाही. तिने जे पाहिलं त्यात दाणा नव्हताच. स्ट्रिपचंही तेच. दाणा आणि पाकळी तपासणीने सापडत नाही, ती शेडमध्येच अडवावी लागते.

कूट, पीठ, दूध पावडर, गव्हाची धूळ यांचं मात्र वेगळं. या गोष्टी मालभर बऱ्यापैकी पसरतात, भांड्यांवर पातळ थर होऊन बसतात. इथे तपासणीला अर्थ आहे. चीज फ्लेवरच्या शेवेनंतर त्याच मसाला ड्रममधून साधी शेव काढायची असेल, तर स्ट्रिप तुमच्या कामाची.

स्ट्रिप आणि ईलायसा

दोन्हींचं तत्त्व एकच. ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) वापरायची आणि चिकटलं की नाही ते बघायचं. स्ट्रिप गरोदरपणाच्या चाचणीसारखी दिसते. नमुना द्रावणात हलवायचा, पट्टी बुडवायची, दहा-पंधरा मिनिटांत रेघ. ती "आहे" किंवा "दिसत नाही" एवढंच सांगते. ईलायसा लॅबमध्ये होते, रंगाच्या गडदपणावरून आकडा देते, आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात. भट्टी पेटवून माणसं उभी आहेत अशा वेळी ईलायसाचा काही उपयोग नाही. उलट धुण्याची पद्धत मुळात पुरेशी आहे का, हे एकदा पक्कं करायचं असेल तर स्ट्रिपवर विसंबू नये.

स्ट्रिपची एक खोड मी स्वतः पाहिली आहे. नवा डबा आला तेव्हा पोरांना दाखवावं म्हणून मी थेट चमचाभर दाण्याचा कूट द्रावणात टाकला. रेघ ठसठशीत यायला हवी होती, आली अगदी फिकट. सुपरवायझर हसला, "काहून ताई, हे तं फेलच झालं!" डबा चांगला होता, चूक माझ्या चमच्याची. प्रथिन फार जास्त झालं की प्रतिपिंडांच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कणांनी भरून जातात, मधला पूल जुळत नाही आणि रेघ उमटत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. म्हणजे भांडं डोळ्यांना घाण दिसत असताना स्ट्रिप "स्वच्छ" म्हणू शकते. म्हणून क्रम असा: आधी बॅटरी घेऊन डोळ्यांनी बघा, दिसेल ते काढा, मग स्वॅब, म्हणजे नमुना पुसून घ्यायचा बोळा, फिरवा. शंका वाटली तर नमुना दहापट पातळ करून परत लावा.

दुसरी अडचण तळणीची. खरपूस भाजलेल्या, तळलेल्या दाण्यातलं प्रथिन कमी विरघळतं आणि त्याचा आकारही बदलतो, त्यामुळे प्रतिपिंड त्याला नीट ओळखत नाही. स्ट्रिप असो की ईलायसा, दोन्हींत आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. उपाय घरगुती आहे. आपल्याच स्वच्छ चिवड्यात आपल्याच कढईतल्या तळलेल्या दाण्याची मोजून चिमूट मिसळा आणि तो नमुना लावून बघा. तिथे रेघ आली नाही, तर तो डबा तुमच्या मालासाठी नाही, विक्रेता काहीही म्हणो. लॅबलाही असा मुद्दाम मिसळलेला एक नमुना सोबत पाठवा.

रिपोर्ट दोन लॅबचे असतील तर एकक आधी वाचा. एक लॅब "शेंगदाणा" मिलिग्रॅम प्रति किलो देते, दुसरी "शेंगदाणा प्रथिन". दोन्हींत चौपट फरक. वरच्या २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ५० ग्रॅमच्या पाउचला मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम प्रथिन येते, म्हणजे शेंगदाणा म्हणून १६०. एकाच चिवड्याचा एक रिपोर्ट भीतीदायक आणि दुसरा निवांत वाटतो तो यामुळे. दुधाच्या बाबतीत आणखी घोळ. काही किट केसीन हे दुधातलं प्रथिन शोधतात, काही व्हेमधलं, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातलं प्रथिन. मसाल्यात व्हे पावडर असेल आणि किट केसीनचं असेल, तर दूध समोर असूनही दिसणार नाही. मसालेवाल्याकडून घटकांची यादी लेखी मागा, मगच किट निवडा.

बेसनाच्या युनिटने आणखी एक बघायचं. हरभरा आणि भुईमूग दोन्ही शेंगावर्गातले. किटसोबतच्या कागदावर ते कशाकशाला चुकून प्रतिसाद देतं याची यादी असते. त्यात हरभरा, वाटाणा, सोयाबीन आहे का ते पैसे देण्यापूर्वी वाचा.

आणि हे खास नागपूरकरांसाठी: डब्यावर साठवणीचं तापमान छापलेलं असतं. मे महिन्यात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस तापलेलं पार्सल घेऊ नका. स्ट्रिप मागवायच्या तर हिवाळ्यात, नाहीतर थंड पॅकिंगची अट घालून.

पीसीआर, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एटीपी

पीसीआर प्रथिन शोधत नाही, डीएनए शोधते. तीळ, मोहरी, मासळी यांसाठी चांगली. दूध आणि अंड्यासाठी जवळजवळ निरुपयोगी, कारण गाईचा डीएनए सापडला तरी तो दुधाचा की मांसाचा हे कळत नाही. चिवडेवाल्याने यात पैसे घालू नयेत.

मास स्पेक्ट्रोमेट्री प्रथिनाचे तुकडे त्यांच्या वजनावरून ओळखते. ती सगळ्यांत महाग, आणि भांडण मिटवायला सगळ्यांत भरवशाची. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदाम सापडल्याचं सांगून माल परत बोलावला गेला. पुढे सरकारी रसायनतज्ज्ञांच्या तपासणीत निघालं, की त्या जिऱ्यात बदाम नव्हताच, महलब होतं. महलब म्हणजे चेरीच्या जातीच्या एका झाडाची बी. बदामाच्या किटमधल्या प्रतिपिंडांना दोघं सारखेच वाटले होते. निर्यात करणाऱ्याला हे तंत्र कधीतरी लागेल. कॅन्टीनच्या ऑर्डरला नको.

एटीपी (सजीव पेशींतलं एक रसायन) मोजणारं ते हातात धरायचं मीटर काही विक्रेते "ॲलर्जी टेस्टर" म्हणून गळ्यात मारतात. ते साधारण स्वच्छता दाखवतं, दाण्याचं प्रथिन ओळखत नाही. पुढे जाऊ.

वेगळी कढई की वेगळी वेळ?

वेगळी वेळ म्हणजे साप्ताहिक सुट्टीत सगळं खोल धुवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले घाणे बिनदाण्याचे काढायचे, दाण्याचे शेवटी. जागा लागत नाही, खर्च कमी. पण तेलाचं काय? दाणे तळलेल्या तेलात बारीक कण राहतातच, गाळलं तरी. म्हणजे त्या सकाळी तेल नवं, झारा वेगळा, चाळणी वेगळी, थंड करायचे ट्रे वेगळे. एवढं सगळं वेगळं केल्यावर कढई तेवढी एकच ठेवून वाचवलं काय?

धुण्याचंही बघा. पीठ-कुटाच्या जागी पाणी मारलं की चिखल होतो आणि तो फटीत बसतो. ड्रम, कन्व्हेयर, पॅकिंग मशीन आधी कोरडंच साफ करायचं, ब्रश, खरवडणी, व्हॅक्यूम घेऊन. हवेच्या कॉम्प्रेसरने फुंकरायची सवय सगळीकडे दिसते आणि ती सगळ्यांत वाईट. धूळ जात नाही, शेडभर वाटली जाते. आपल्याकडचा कूलरही तेच करतो. एप्रिल-मेमध्ये दाणे भाजायच्या कोपऱ्यात कूलर लावला, की फोलपटं उडून पार पॅकिंगच्या टेबलावर आलेली मी हाताने वेचली आहेत. त्या टेबलावरचा स्वॅब पॉझिटिव्ह आला तेव्हा कढई घासण्यात आम्ही आठवडा घालवला होता.

दुसरी कढई, दुसरा झारा, दुसरी चाळणी आणि मध्ये एक भिंत किंवा निदान जाड प्लॅस्टिकचा पडदा, हा खर्च एकदाच होतो. शिवाय माणसांना तो कळतो. उपासाच्या चिवड्याची कढई वेगळी असते हे कुठल्याही भट्टीवाल्याला शिकवावं लागत नाही. तिखट शेवेचा झारा कुणी त्यात घालत नाही, घातला तर तोच ओरडतो. बिनदाण्याच्या कढईलाही तोच सोवळ्याचा नियम लावा असं सांगितलं की दहा पानी एसओपीपेक्षा (लेखी कार्यपद्धतीपेक्षा) पटकन उमगतं. गंमत अशी, की उपासाच्या चिवड्यातच दाणे सगळ्यांत जास्त. तेव्हा ती कढई उसनी घेऊ नका.

कच्च्या मालातूनच जे येतं, त्यापासून मात्र कढई वाचवत नाही. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. घाणीचं फल्ली तेल रिफाइंड नसतं, त्यात प्रथिन राहू शकतं. ज्या चक्कीवर आधी सोयाबीन दळलं तिथून आलेलं बेसन निव्वळ हरभऱ्याचं राहत नाही. दाण्याचं पोतं रिकामं करून त्यातच पोहे भरलेले मी इतवारीत पाहिले आहेत. बारदान नवं मागा, चार पैसे जास्त द्या.

आणि लेबलची पळवाट

चौथा मार्ग सगळ्यांत स्वस्त: "यात शेंगदाणा असू शकतो" असं छापून मोकळं व्हायचं. अन्न सुरक्षा आणि मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० प्रमाणे आठ गोष्टी लेबलवर सांगाव्या लागतात: ग्लुटेनची धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर सल्फाइट. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत, युरोपच्या चौदा घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शेंगदाण्यासाठी असा आकडा नाही.

शेड खरंच एक असेल आणि वेगळं करणं शक्य नसेल, तर "असू शकतो" हे प्रामाणिक वाक्य आहे. छापा आणि ती ऑर्डर सोडा. पण झाडू मारायचा कंटाळा आला म्हणून प्रत्येक पाउचवर छापणं मला पटत नाही. सगळ्यांवरच दिसायला लागलं की आया ते वाचणं सोडतात. याच्या उलट टोकाचं, "कृतीत दाणे नाहीत म्हणून शेंगदाणामुक्त", हे तर अजिबात छापू नका.

माझी निवड विचाराल तर चिवड्याच्या युनिटला, जिथे धोका अख्ख्या दाण्याचा आहे, पहिला पैसा दुसऱ्या कढईत आणि पडद्यात. उरले तर स्ट्रिपचा लहान डबा, पॅकिंगच्या टेबलासाठी. ईलायसा एकदा सुरुवातीला, पुढे कृती किंवा मशीन बदललं तर. लॅब निवडताना तिच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या व्याप्तीत शेंगदाण्याची तपासणी लिहिलेली आहे का ते बघा. नुसता शिक्का बघून भागत नाही. फ्लेवरच्या शेवेचं, बिस्किटाचं, पिठांचं युनिट असेल तर क्रम उलटा: आधी स्ट्रिप आणि ईलायसा, कारण तिथे भिंत घातली तरी पीठ येतंच.

ताईंनी दुसरी कढई घेतली, जुन्या भट्टीपासून बारा फूट लांब मांडली. झाऱ्याच्या दांड्याला निळी चिंधी बांधली आहे. परवा गेले तर कूलरचं तोंड अजून तिकडेच होतं. ते आधी फिरवायला लावलं, मग चहा घेतला.