रात्रपाळीनंतरचं तिखट चिकन बिस्किट: सात महिन्यांचा अनुभव

माझी लॅबमधली रात्रपाळी सकाळी सातला सुटते. बारा तास उभं राहून झालेलं असतं, पोटात कावळे ओरडत असतात आणि घरी जाऊन पोहे भिजवायचं त्राण अंगात उरलेलं नसतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहरात बदली होऊन आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात इथेच लहानाची मोठी झालेली एक सहकारी म्हणाली, "चल, तुला आमच्याकडचा नाश्ता खाऊ घालते." तिने मला बोजँगल्स या तळलेल्या कोंबडीच्या साखळी दुकानात नेलं आणि केजन फिले बिस्किट हातात दिलं. त्याला आता सात महिने झाले. आठवड्याला एक हे प्रमाण मी सहसा मोडलेलं नाही, म्हणजे पंचवीस-तीस बिस्किटं नक्की झाली असतील. एकदा खाऊन लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले होते.

बिस्किट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहात बुडवायचं पार्ले-जी येतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात बिस्किट म्हणजे तळहाताएवढा, दोन-अडीच बोटं उंच, गोल, यीस्टशिवाय फुगवलेला पाव. वरून खुसखुशीत, आतून मऊ, आणि बोटांनी उघडला की पदर सुटतात. खारीचे पदर कोरडे असतात, याचे ओलसर. तो मधोमध उघडायचा आणि आत मसाल्यात मुरवून, पिठात घोळवून तळलेला कोंबडीच्या छातीचा जाड तुकडा ठेवायचा. झालं. ना कांदा, ना सॉस, ना कोबीचं पान. पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी घालायचं राहिलं असावं.

आता तिखटपणाबद्दल, कारण सगळे आधी तेच विचारतात. मी जळगावची. भरताच्या वांग्यात हिरव्या मिरच्या मोजून घालत नाहीत अशा घरातली. त्या मापाने हे बिस्किट तिखट नाही. पहिल्या घासाला काळी मिरी लागते, मग लाल मिरचीची धग घशाच्या मागच्या बाजूला येते, मीठ तर पुढे असतंच. नाकातोंडातून पाणी येईल असं काही होत नाही. सुरुवातीचे दोन महिने मी याच गोष्टीवर नाराज होते आणि घरी फोनवर तसं सांगतही होते. नंतर हळूहळू लक्षात आलं की मी ठेच्याचा तिखटपणा शोधत होते. ठेचा जिभेच्या टोकाला लागतो आणि लगेच लागतो. इथला मसाला मांसात मुरलेला असतो, वर तळलेलं आवरण, त्यावर लोणी लावलेलं बिस्किट. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. त्यामुळे बिस्किटातलं लोणी त्याची धार बोथट करतं आणि धग उशिरा, सावकाश येते. अर्धं बिस्किट झाल्यावर ओठ हुळहुळायला लागतात. रात्रभर जागून आंबलेल्या डोक्याला ही सावकाश येणारी धग फार बरी वाटते, हे मी मनापासून सांगते.

नावातल्या ‘केजन’ची मला उत्सुकता होती. फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांना १७५५ पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातून हुसकावून लावलं. त्यातले बरेच जण पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानात स्थिरावले आणि ‘अकेडियन’चं बोलता बोलता ‘केजन’ झालं. त्यांच्या हाताची ही मसालेदार चव. शार्लटपासून लुइझियाना हजार किलोमीटरहून लांब. तरी १९७७ साली जॅक फुल्क आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी बोजँगल्सचं पहिलं दुकान शार्लटमध्येच काढलं आणि लुइझियानाच्या धाटणीची कोंबडी कॅरोलायनाच्या बिस्किटात बसवली. शार्लटच्या लोकांना आज ते आपल्याच मातीतलं वाटतं. माझी सहकारी तर या नाश्त्याचं नाव अशा आपुलकीने घेते, जशी आपल्याकडची माणसं आपल्या स्टँडवरच्या वड्याचं घेतात.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. सात महिन्यांनंतर मला पटलंय की या पदार्थाचा जीव कोंबडीत नाही, बिस्किटात आहे. आणि बिस्किटाचं आयुष्य दहा मिनिटांचं असतं.

हे मला एका शनिवारी कळलं. गर्दी होती, मी आतच उभी होते. माझ्या शाखेत काउंटरच्या मागे एका कडेला बिस्किटाचं टेबल दिसतं. पन्नाशीच्या एक बाई तिथे एकट्या काम करत होत्या. त्यांनी पिठात ताक ओतलं आणि हाताने इतकं हलकं मिसळलं की मला वाटलं अजून सुकं पीठ राहिलंय. गोळा टेबलावर घेतला, दाबला, घडी घातली, पुन्हा दाबला, पुन्हा घडी. मळणं कुठेच नाही. मग गोल साचा पिठात बुडवून सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा, जराही न पिळता. साचा पिळला की कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही, हे मला नंतर सहकाऱ्याने सांगितलं. कापलेल्या चकत्या त्यांनी ट्रेमध्ये एकमेकींना टेकवून लावल्या. म्हणजे बाजूला पसरायला जागा नसल्यामुळे त्या वरच चढतात. ट्रे बाहेर आला तेव्हा ब्रशने पातळ लोणी फिरवलं, त्याचा चर्र आवाज मी उभी होते तिथवर आला. मला त्या ट्रेमधलं बिस्किट मिळालं. त्या दिवशीची चव आणि एरवीची चव यांत जमीनअस्मानाचा फरक होता. तव्यावरून थेट ताटात आलेली ज्वारीची भाकरी आणि दुरडीत गार झालेली भाकरी, तितका फरक.

तेव्हापासून मी ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे गाडीत बसूनच खिडकीतून खाणं घेणं, सोडलं. आत जाते, ट्रे ओव्हनमधून कधी निघतोय ते विचारते, पाच मिनिटं थांबावं लागलं तर थांबते. कोणी कपाळाला आठ्या घालत नाही, उलट खूश होतात. दुसऱ्या एका साखळीत (नाव घेत नाही) मला तीनदा गरम पेटीत ठेवून घामेजलेलं बिस्किट मिळालं. खालचा भाग ओला, वरचा चामट. तीच कोंबडी, तोच मसाला असता तरी त्याला चव आली नसती. तिथे मी आता जात नाही.

पार्सल नेणार असाल तर एक करा: कागदाची घडी उघडा आणि पिशवीचं तोंडही उघडं ठेवा. वाफ कोंडली की दहा मिनिटांत कोंबडीचं आवरण सैल पडतं. उरलं तर मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको. कोंबडी वेगळी काढा, बिस्किट वेगळं करा, ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला पाच-सात मिनिटं ठेवा. ताज्याची सर येत नाही, पण खाता येतं.

मी घरीही करून पाहिलं. पहिल्यांदा चपातीच्या कणकेने केलं आणि ते जड, घट्ट झालं. कारण नंतर उमगलं. चपाती लाटताना ताणली गेली पाहिजे, म्हणून आपल्याला पिठात चिकटपणा हवा असतो. बिस्किटाला तो नको असतो. दक्षिणेतल्या बायका मऊ गव्हाचं, कमी प्रथिनांचं पीठ वापरतात. व्हाइट लिली हे त्यातलं जुनं नाव, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १८८३ मध्ये सुरू झालेलं. त्याचं सेल्फ-रायझिंग पीठ आणलं, त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं. थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चुरलं, घरचंच दही घुसळून आंबट, दाट ताक घातलं. त्या आंबटपणावर पीठ झकास फुगलं. बिस्किट जमलं. कोंबडी मात्र बाहेरचीच बरी, सकाळी सातला तळणाचा घाट घालण्यात अर्थ नाही.

आई दोन महिने राहून गेली. ती मांसाहार करत नाही, म्हणून तिच्यासाठी नुसतं गरम बिस्किट आणलं. तिने ते दोन्ही हातांनी उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, याला तर ठेचा पाहिजे." फ्रीजमधला ठेचा काढून तिने आत भरला. मी तोवर पाच महिने त्या बिस्किटात कोंबडीशिवाय काही घातलंच नव्हतं. मग मीही माझ्या बिस्किटात, कोंबडीच्या खाली, पाव चमचा ठेचा लावला. लोण्याची चव, मिरी, मागून हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा झटका. जळगाव आणि शार्लट एका घासात. तेव्हापासून कारमध्ये छोटी डबी असते. ठेचा नसेल तर टेक्सस पीट नावाचा तिखट सॉस घ्या. नावात टेक्सस असलं तरी तो इथलाच, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा. त्यातला व्हिनेगरचा आंबटपणा तळलेल्या कोंबडीचा तेलकटपणा छान कमी करतो. इथली मंडळी द्राक्षाची जेली किंवा मधही लावतात. मध मला आवडला, जेली नाही.

खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्यांसाठी थोडं. दक्षिणेत घरोघरी बिस्किटात डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे, तेव्हा ती चालत नसेल तर कुठल्याही दुकानात आधी विचारून घ्या. शाकाहारी माणसाने तळलेल्या बटाट्याबद्दल, एकाच तेलात तळतात का, हेही विचारावं. अंडं चालत असेल तर अंडं-चीजचं बिस्किट मिळतं.

आणि मीठ. हा पदार्थ मुळातच खारट आहे: पिठात मीठ, मसाल्यात मीठ, लोण्यात मीठ. इथे दिवसाला २,३०० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा धरतात, आणि असलं एक बिस्किट त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतं. माझ्या वडिलांना रक्तदाब आहे, त्यामुळे मी याकडे दुर्लक्ष करू शकत नाही. म्हणून आठवड्याला एक, आणि त्या दिवशी दुपारी वरण-भात, त्यात मीठ बेतानेच. वीस किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून मेनूबोर्डावर कॅलरी लिहाव्याच लागतात. सोडियमचा आकडा मात्र तिथे नसतो, मागितला तर लेखी देतात. मागा.

पेयाचंही सांगते. इथे ‘टी’ म्हटलं की बर्फ घातलेला गोड गार चहा येतो. दुपारी उन्हाळ्यात तो अमृत आहे. सकाळी सातला मला नको वाटतो, म्हणून घरून आल्याचा चहा थर्मासमध्ये नेते आणि पार्किंगमध्ये बसून खाते. तिखट घासावर गरम चहा घेतला की धग दुप्पट होते, ज्यांना तिखट कमी वाटतं त्यांनी हे करून बघावं.

वेळेचं एक सोयीचं आहे. पुष्कळ साखळ्या साडेदहाच्या सुमाराला नाश्ता बंद करतात, चिक-फिल-ए तर रविवारी उघडतच नाही. बोजँगल्समध्ये बिस्किट दिवसभर मिळतं. रात्रपाळीवाल्या माणसाची सकाळ कधी दुपारी दोनला होते, तेव्हा याची किंमत कळते.

गेल्या शनिवारी त्या टेबलाजवळच्या बाईंनी मला ओळखलं. "आठ मिनिटं," म्हणाल्या आणि ओव्हनकडे बोट दाखवलं. मी डबी खिशात चाचपली आणि थांबले.