इक्वासिस : इसार देण्याआधी जहाजाचे दात बघायची जागा

सारंगखेड्याच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कोणी घोड्याचा भाव बोलत नाही. जुन्या कोस्टरमध्ये, म्हणजे किनाऱ्याने माल नेणाऱ्या छोट्या जहाजात, भागी घालताना मात्र सुरतेकडच्या दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले फोटो पुरेसे वाटतात. इक्वासिस ही जहाजांची माहिती देणारी साइट त्यासाठीच आहे. २००० पासून चालू, फुकट, फक्त ईमेलने नोंदणी करावी लागते.

जहाज नावाने शोधू नका, नाव रंगाच्या एका हातात बदलतं. सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर मागा, तो झेंडा बदलला तरी तोच राहतो. नंबर खरा का, ते कागदावरच कळतं. उदाहरणार्थ ९०७४७२९. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. बेरीज १३९ येते, आणि शेवटचा ९ सातव्या आकड्याशी जुळतो. जुळला नाही तर तिथेच थांबा.

ट्रकची आरसी वेगळी, फिटनेस वेगळं. तशी जहाजाची रजिस्ट्री, म्हणजे नोंदणी, वेगळी आणि क्लास, म्हणजे जहाज तपासून सोसायटी नावाची तांत्रिक संस्था देते तो दाखला, वेगळा. साइटवर क्लासच्या रकान्यात सोसायटीचं नाव, स्थिती आणि तारीख दिसते. ‘विथड्रॉन’, म्हणजे क्लास काढलेला, दिसलं तर शेजारचं कारण वाचा. मालकाने स्वतः क्लास बदलला असेल तर तो व्यवहाराचा भाग असू शकतो. सर्व्हे थकला म्हणून सोसायटीनेच काढला असेल तर दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर फाटणार. पाच वर्षांचा स्पेशल सर्व्हे तोंडावर असताना जहाज एका सोसायटीतून दुसरीत गेलेलं दिसलं, तर तेही शंकेचं. सोसायटी आयएसीएसची, म्हणजे अशा सोसायट्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, सदस्य आहे का, तेही बघा. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे. बंदरातल्या तपासण्या, त्रुटींची संख्या आणि जहाज अडकवलं होतं का, हेही इथेच मिळतं. हा भाग उत्तम.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. ‘कंडिशन ऑफ क्लास’, म्हणजे अमुक प्लेट अमुक तारखेच्या आत बदला अशी अट, इथे दिसत नाही. क्लास चालू, आणि बॅलास्ट टाकीची (तोल राखायला पाणी भरतात ती) प्लेट गंजून पातळ, असं होऊ शकतं. त्यासाठी सोसायटीचा सर्व्हे स्टेटस रिपोर्ट हवा आणि तो मालकाच्या परवानगीनेच मिळतो. मालक टाळाटाळ करत असेल तर इसार देऊ नका.

लोडलाइन सर्टिफिकेटची, म्हणजे जहाज किती खोल बुडेपर्यंत माल भरता येतो त्या दाखल्याची, मागची बाजूही मागा. वार्षिक सर्व्हेची मुदत ठरलेल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे तीन महिने. तारीख १५ मार्च असेल तर शिक्का १५ डिसेंबर ते १५ जूनमधला हवा. तळाची तपासणी पाच वर्षांत दोनदा, दोहोंत ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको.

हतनूर किंवा उकाईच्या फुगवट्यातल्या बोटींना आयएमओ नंबर नसतो, त्यांच्यासाठी ही साइट कामाची नाही. समुद्रातल्या जहाजासाठी पाचपैकी चार.