कार्बन ट्रायपॉड, वर्षभराच्या वापरानंतर: सगळं ठीक, पण ती कडी!

स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत लिहीत नाही. सव्वा किलो, पिळून आवळायचे पाय, दिवाळी सेलमध्ये अकरा हजारांना घेतला. आज लिहायला बसलो कारण एक पाय घसरायला लागला आणि सर्व्हिस सेंटरने अडीच हजारांचा आकडा सांगितला. वॉरंटीत बसत नाही म्हणे, ‘फिजिकल डॅमेज’. घरीच उघडला. आतल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांत सह्याद्रीची लाल माती गच्च बसली होती. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, बोटभर ग्रीस. पाय पक्का झाला. तेव्हा पायांबद्दल तक्रार नाही.

तक्रार प्लेटच्या (कॅमेऱ्याच्या तळाला लावून ट्रायपॉडवर अडकवायची पट्टी) स्क्रूबद्दल आहे. त्याला बोटाने फिरवायची कडी नाही, नुसती खाच. म्हणजे नाणं हवं. पाचाचं जाड नाणं शिरत नाही, रुपयाच लागतो. आणि यूपीआय आल्यापासून खिशात रुपया असतो कुणाच्या?

घरी हे चालून जातं. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून संदकफू, फालुट असं चालत गेलो तेव्हा नाही चाललं. नोव्हेंबरात तिकडे सूर्य पुण्यापेक्षा पाऊण तास तरी आधी उगवतो, म्हणजे पाचलाच बाहेर थंडीत उभं राहायचं. संदकफू 3,636 मीटर, समोर कांचनजंगा 8,586 मीटर. आपण अंधारात असतानाच तिच्या टोकाला उजेड लागतो. गुलाबी, केशरी, मग पांढरं. सगळा खेळ काही मिनिटांचा. कुंभकर्णापासून पांडिमपर्यंतच्या शिखरांच्या रांगेत दिसणारा निद्रिस्त बुद्ध मोठ्या लेन्सने बारकाव्यांसकट हवा असेल, तर कॅमेरा उभा लावून शेजारशेजारच्या फ्रेम जोडाव्या लागतात. आणि उभ्या कॅमेऱ्यात लेन्सचं वजन नेमकं त्या स्क्रूलाच पीळ देतं. प्लेटला कॅमेरा अडवणारी धारही नाही, त्यामुळे कॅमेरा हळूहळू मान टाकतो. शिखर उजळलेलं, दरी काळी, म्हणून प्रत्येक फ्रेमची कमी-जास्त उजेडाची तीन एक्स्पोजर घ्यायची, तर तिन्हींत क्षितिज वेगळं! हातमोजे काढा, रुपया शोधा, आवळा. तोवर गुलाबी संपलेलं. दोन रुपयांची कडी वाचवली कंपनीने.

एका बाबतीत मात्र मत बदललं. मधला दांडा न उचलता हा जेमतेम छातीपर्यंत येतो, म्हणून सुरुवातीला खूप नावं ठेवली होती. फालुटच्या वाऱ्यात उंच ट्रायपॉडवाले आपापले पाय धरून उभे होते. मी पाय फाकवून हा गुडघ्याएवढा केला, खालच्या हुकाला सॅक जमिनीला टेकेल अशी बांधली (लोंबकळती ठेवली तर ती झुलते आणि उलट हादरे देते), हात हलला तर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. पाव सेकंदाचे फोटोसुद्धा स्पष्ट आले. मकालूशेजारचा एव्हरेस्टही स्वच्छ आलाय. मकालू जवळ असल्याने मोठा दिसतो आणि अनेक जण त्याचाच फोटो एव्हरेस्ट म्हणून टाकतात, तो वेगळा विषय. शिवाय कार्बन असल्याने उघड्या हाताला ॲल्युमिनियमसारखा चटका बसत नाही.

कंपनीला कडीवाल्या प्लेटबद्दल विचारलं, तर ती वेगळी विकत घ्या, बाराशे रुपये, असं उत्तर आलं. दुसऱ्या कुणाची आर्का-स्विस (अशा प्लेटचं एक प्रचलित माप) मापाची, कडी आणि धार दोन्ही असलेली प्लेट सहाशेला मिळाली, चपखल बसते. नऊ हजारांच्या खाली मिळत असेल तर घ्या आणि हे सहाशे त्यात धरा. अकराला नको. पाचपैकी साडेतीन.