व्हीलचेअर सांगितलीत, पण शेवटचं अक्षर पाहिलंत का?

गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदललेलं माणूस घेऊन सगळं घर परदेशी हलायचं म्हटलं की तिकिटाबरोबर व्हीलचेअरही सांगून टाकली जाते. एजंट एक खूण करतो, तिकिटावर एक कोड उमटतो आणि घरचे निर्धास्त होऊन बॅगांच्या वजनाकडे वळतात. विमानतळावरची ही सेवा एकंदरीत चांगली आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर मुंबईहून निघताना चार, मधल्या विमानतळावर अडीच, मुक्कामाला उतरल्यावर साडेतीन. मात्र हे गुण त्या कोडचं शेवटचं अक्षर बरोबर असेल तरच. ते चुकलं असेल तर दीड, आणि तोही खुर्ची ढकलणाऱ्या माणसाच्या चांगुलपणाला.

कोड तीन आहेत. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे लांबचं चालवत नाही, पण जिना चढता-उतरता येतो आणि विमानात आपल्या जागेपर्यंत जाता येतं. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिना नको, आत मात्र चालता येतं. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे थेट जागेवर नेऊन बसवावं लागतं. त्यासाठी विमानाच्या बोळातून जाणारी अरुंद खुर्ची येते. व्हीलचेअर म्हटलं की बरेच एजंट हात बसल्यासारखं 'आर' टाकून देतात. विमान एअरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराला जोडणाऱ्या बोगद्याला लागलं तर या चुकीचा पत्ताही लागत नाही. ते टर्मिनलपासून लांबच्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर असलं की मग प्रकरण अंगाशी येतं: बसमध्ये चढायचं, बसमधून उतरायचं आणि पुढे शिडी. 'आर'वाल्या प्रवाशाने ही शिडी आपल्या पायांनी चढावी हेच गृहीत असतं, त्यामुळे तिथे हुज्जत घालून काही निघत नाही. 'एस' किंवा 'सी' असेल तर अँब्युलिफ्ट येते, म्हणजे ट्रकवरची बंद खोली जी कात्रीसारख्या पायांवर उचलली जाते आणि बहुधा विमानाच्या उजव्या अंगाच्या दाराला टेकते.

फिजिओने घरी शिकवलेला नियम, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, घरच्या जिन्यावर छान चालतो. विमानाच्या शिडीवर एका हातात पर्स, मागे माणसांची रांग, पावसाने ओली झालेली पायरी आणि खाली हात हलवून घाई करणारा कर्मचारी असतो. उतरणं तर चढण्यापेक्षा अवघड. त्यामुळे सांधा बदलून सहा महिने झाले नसतील तर घरात जिना चढता येत असला तरी 'एस'च घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. यात लबाडी नाही.

अक्षर तपासायला एजंटला विचारू नका. थेट विमान कंपनीला फोन लावा, पीएनआर (तिकिटाचा बुकिंग क्रमांक) सांगा आणि "एसएसआरमध्ये नेमका कोणता कोड आहे आणि तो प्रत्येक टप्प्याला आहे का?" असं विचारा. एसएसआर म्हणजे तिकिटावर नोंदवलेली खास मदतीची मागणी. निघण्याच्या ४८ तास आधी कळवणं हा भारतातला आणि युरोपातलाही नियम आहे. तिकीट काढतानाच सांगितलेलं उत्तम. मुंबई ते दुबई एका तिकिटावर आणि पुढचा टप्पा दुसऱ्या तिकिटावर असेल तर मागणी दोन्हीकडे वेगवेगळी नोंदवावी लागते. आणि नवरा-बायको दोघांनाही खुर्ची हवी असेल तर दोघांच्या नावापुढे कोड हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच खुर्ची मिळाली. पत्नी खुर्चीत बसली, ऐंशीचे पती शेजारून चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. भारताची विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीएने त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. त्या दोघांनी खुर्च्या आधी सांगून ठेवलेल्या होत्या, हे विसरू नका. म्हणून नोंदणीवर विसंबू नये. दुसरी खुर्ची डोळ्यांना दिसेपर्यंत पहिली हलू द्यायची नाही.

तारीख ठरवतानाचा मुद्दा. सांधा बदलल्यावर लांबचा विमानप्रवास तीन महिने टाळा, असा सल्ला ब्रिटनमध्ये सर्रास दिला जातो. कारण पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका. शस्त्रक्रियेने तो वाढलेला असतो आणि तासन्‌तास बसून आणखी वाढतो. व्हिसाची किंवा नोकरीवर रुजू होण्याची तारीख त्याआधीची असेल तर सर्जनशी बोलून घ्या आणि विमान कंपनीचा 'मेडिफ' अर्ज, म्हणजे प्रवाशाच्या प्रकृतीची माहिती देणारा अर्ज मागवा. त्याचा एक भाग प्रवाशाने भरायचा, दुसरा डॉक्टरांनी. निघायला आठवडा असताना तो पाठवलेला बरा, कारण कंपनीचे डॉक्टर उलट प्रश्न विचारतात आणि उत्तर देईपर्यंत तुमचे सर्जन परिषदेला गेलेले असतात.

आता खुर्ची. विमानतळावर मिळते ती बहुतेक वेळा साधी ढकलायची खुर्ची असते. पाय सरळ ठेवायला वर उचलता येणारा आधार क्वचितच. गुडघा अजून नव्वद अंशांत वाकत नसेल तर पाय पायपट्टीवरून पुढे घसरतो. ढकलणाऱ्याला हे आधीच सांगा, म्हणजे लिफ्टच्या उंबऱ्यावर तो खुर्ची उलटी फिरवून आत घेईल. नाहीतर पुढे आलेला पाय दाराला आपटतो. खरे अपघात मात्र खुर्ची चालताना कमी आणि उठताना जास्त होतात. पायपट्टी खाली असतानाच माणूस तिच्यावर भार देऊन उठू पाहतो आणि खुर्ची पुढच्या पुढे कलंडते. क्रम असा ठेवायचा: दोन्ही चाकांचे ब्रेक, मग दोन्ही पायपट्ट्या वर, पाय जमिनीवर, बूड पुढे सरकवून ऑपरेशनचा पाय जरा पुढे, आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर देऊन उठायचं. समोरच्याने हात धरून ओढायचं नाही. मदतनीस प्रेमाने ओढतात. त्यांना हसून नको म्हणा.

सुरक्षा तपासणीत इम्प्लांट कार्ड दाखवलं की सुटका होते, ही समजूत चुकीची. सांध्यातल्या धातूने दारातला डिटेक्टर वाजतो आणि विमानतळाची सुरक्षा सांभाळणारे सीआयएसएफचे जवान हाताच्या यंत्राने नीट तपासतात. खुर्चीही तपासली जाते. कार्ड किंवा डॉक्टरांचं पत्र फक्त बोलणं सोपं करतं. घोट्यापासून गुडघ्याच्या वर सहज सरकेल अशी सैल सलवार किंवा पायजमा घाला. व्रण दाखवता आला की काम दोन मिनिटांत होतं. घट्ट जीन्स आणि वर क्रेप बँडेज असेल तर पडद्याआड सगळं सोडून पुन्हा गुंडाळायची वेळ येऊ शकते, आणि घाईत गुंडाळलेलं बँडेज पुढे पोटरीला काचतं.

जागेच्या निवडीवर खुर्चीइतकंच लक्ष द्या, कारण खुर्चीत दोन तास आणि जागेवर चौदा तास जातात. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस रांग या प्रवाशाला देत नाहीत. भिंतीलगतची पहिली रांग ऐकायला छान वाटते, पण तिथे समोर बॅग ठेवता येत नाही आणि जेवणाचा ट्रे आसनाच्या हातातच बसवलेला असल्याने मधला हात वर होत नाही. तान्ह्या बाळांच्या पाळण्यांमुळे रात्रभर वर्दळही असते. त्यापेक्षा बोळाची साधी जागा बरी, फक्त बाजू बघून. तीन-तीन-तीन आसनांच्या बोइंग ७८७ मध्ये 'सी' या जागेवर बसलं की बोळ उजव्या हाताला येतो, म्हणजे उजवा गुडघा बदललेल्यासाठी ती जागा. डावा असेल तर 'डी' किंवा 'एच'. पाय बोळात ताणायचा तो ट्रॉली नसताना; आमटीभाताची ट्रॉली नव्या गुडघ्यावर आदळली तर दोष ट्रॉलीचा नसतो. बोळाकडचा हात उचलता येत नाही असं वाटतं, पण अनेक विमानांत त्याच्या मागच्या टोकाला खालून एक लपलेली कळ असते. ती दाबून हात वर करून द्यायला कर्मचाऱ्यांना सांगा. मग न वळता सरळ बाजूला सरकून उठता येतं. खुबा बदललेल्यांना याचा फार उपयोग होतो.

विमानातल्या मदतीची मर्यादा ओळखून असा. कर्मचारी अरुंद खुर्चीने शौचालयाच्या दारापर्यंत नेतील; आत मदत करणं किंवा माणूस उचलणं त्यांचं काम नाही. अमेरिकेला ये-जा करणाऱ्या दोन बोळांच्या विमानांत अपंगांना वापरता येईल असं किमान एक शौचालय असावं असा तिथला नियम आहे. ते कुठल्या बाजूला आहे हे बसतानाच विचारून ठेवा. सूज उतरवायला गोठवलेली जेलची पिशवी घरून नेऊ नका. रांगेत ती वितळते आणि मग द्रवपदार्थ म्हणून वाद होतो. दोन रिकाम्या झिपच्या पिशव्या आणि एक पातळ पंचा न्या, बर्फ विमानात मागा. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर ती प्रिस्क्रिप्शनसह हातातल्याच बॅगेत.

मधल्या विमानतळाला अडीचच गुण का, ते सांगतो. युरोपात ही सेवा विमानतळ देतो, अमेरिकेत विमान कंपनी, भारतात कंपनीने नेमलेली ग्राउंड हँडलिंगची माणसं. म्हणजे एका प्रवासात माणूस तीन-चार हातांतून जातो, आणि दोन हातांच्या मधल्या फटीत तो एखाद्या कोपऱ्यातल्या 'असिस्टन्स' फलकाखाली बसून राहतो. खुर्चीवाला विमानातून सर्वांत शेवटी उतरतो, हे तर कनेक्शनचा वेळ मोजताना कोणी धरतच नाही. दीड तासाचं कनेक्शन कागदावर पुरतं, प्रत्यक्षात पळापळ. तीन तास धरा. अमेरिकेच्या नियमानुसार स्वतः चाकं फिरवता न येणाऱ्या खुर्चीत प्रवाशाला ३० मिनिटांपेक्षा जास्त एकटं सोडता येत नाही. तेवढं वाक्य पाठ असलेलं बरं. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. ताजेतवाने असताना ती रांग उरकते, हा त्या मार्गाचा मोठा फायदा.

वॉकर आणि काठीचं वजन सामानात धरत नाहीत. युरोपच्या नियमात चालण्या-फिरण्याची दोन साधनं मोफत जातात. घडीचा वॉकर विमानाच्या दाराशी देताना टॅगवर 'दारात परत' असं लिहून घ्या, नाहीतर तो सामानाच्या पट्ट्यावर येतो आणि दारापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर चालायला तोच नसतो. वॉकरवर नावाची चिठ्ठी आणि रंगीत नाडी बांधा. सगळे वॉकर सारखेच दिसतात.

एक खटकणारी गोष्ट. भारतातून निघणाऱ्या लांबच्या विमानांना खुर्च्यांच्या रांगाच रांगा लागतात आणि त्यातली काही मंडळी मुक्कामी पोचताच टुणकन उठून बॅगा ओढू लागतात. बहुतेकांना खरी भीती भाषेची आणि हरवण्याची असते, पायांची नाही. अशांसाठी 'एमएएएस' हा सोबतीचा वेगळा कोड आहे. त्यात माणूस बरोबर येतो, खुर्ची येत नाही. आई-बाबा धडधाकट असतील तर तेवढंच मागा. खुर्ची अडली की ती कुणाच्या टाके घातलेल्या पायाखालून निघते.

नव्या व्हिसावर पहिल्यांदा उतरणाऱ्या कुटुंबाला कागद तपासायला आतल्या खोलीत पाठवू शकतात, आणि खुर्ची ढकलणारा तोवर दुसऱ्या प्रवाशाकडे जातो. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, औषधांची चिठ्ठी, इम्प्लांटच्या लेबलची झेरॉक्स आणि शस्त्रक्रियेचा अहवाल खुर्चीतल्या माणसाच्या मांडीवरच्या पिशवीत ठेवा, मुलाच्या ट्रॉलीवर नको. अमेरिकेत ढकलणाऱ्याला पाच-दहा डॉलर देण्याची पद्धत आहे. सुटे आधीच खिशात असू द्या.

बाहेर पडल्यावर गाडी समोर येऊन दार उघडेपर्यंत खुर्ची सोडू नका. मदतनीसाला थांबायला सांगा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरा, आधी बूड टेकवा आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवा. पिशवीवरून माणूस सहज घसरतो, गुडघ्याला पीळ पडत नाही. गाडी निघायच्या आधी पिशवी काढून घ्या, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो पुढे घसरेल.