पहिल्या स्टुडिओसाठी रिफॉर्मर: क्लासिकल घ्यावा की कंटेम्पररी?

रिफॉर्मर म्हणजे पिलाटेस व्यायामाचं यंत्र: चौकटीतल्या रुळांवर स्प्रिंगांच्या ताणानं सरकणारी बैठक, म्हणजे कॅरेज, आणि हात-पाय अडकवायला पट्टे-दोऱ्या. नृत्यातून शिकवण्याकडे वळलेला माणूस तो घेताना स्वतःच्या अंगानं पारखतो. पण नर्तकाला कुठल्याही रिफॉर्मरवर झोपवा, त्याला तो चांगलाच वाटतो. खरेदीतली पहिली अडचण हीच. कॅरेज जरा अडखळली, एक दोरी दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब निघाली, तरी सवयीचं शरीर ते आपसूक सांभाळून घेतं. स्टुडिओत पहिल्यांदा येणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ते जमत नाही. त्याची कंबर धरते आणि नाव खराब होतं व्यायामाचं. म्हणून शिकवण्यासाठी यंत्र घेताना ते अशा माणसाच्या अंगानं पारखावं. इथे दोन्ही प्रकार त्याच हिशेबानं तपासले आहेत.

नर्तकांनी या क्षेत्रात येणं काही नवं नाही. ही पद्धत घडवणारे जोसेफ पिलाटेस 1926 च्या सुमारास न्यूयॉर्कला आले. त्यांच्या आठव्या अव्हेन्यूवरच्या स्टुडिओत नर्तकांची ये-जा असे. बॅले नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्चीन यांच्याकडचे दुखापत झालेले नर्तकही तिथे येत. पुढे शिकवू लागलेल्या रोमाना क्रिझानोव्स्का, कॅरोला ट्रायर, रॉन फ्लेचर ही सगळी मूळची नृत्यातलीच माणसं. 2000 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयानं ‘पिलाटेस’ या नावावर कुणा एकाची मालकी नाही असा निकाल दिला, म्हणून या नावानं कुणीही आपल्या पद्धतीनं शिकवू शकतं. शिकवण्याच्या पद्धतींसारखीच यंत्रांतही एकवाक्यता नाही. मापं वेगळी, गिअर (कॅरेज कुठून सुरू व्हावी ते ठरवणाऱ्या जागा) वेगळे, आणि एका कंपनीची लाल स्प्रिंग दुसरीच्या लाल स्प्रिंगइतकीच जड असेल असं धरून चालता येत नाही.

क्लासिकल रिफॉर्मर, म्हणजे ग्रॅट्झ या कंपनीच्या घडणीचा, पिलाटेसच्या मूळ आराखड्याला जवळचा. चार सारख्याच ताकदीच्या स्प्रिंगा, चामड्याचे पट्टे, जमिनीलगतची चौकट. स्प्रिंगचा ताण कणखर असतो. कॅरेज परत येताना शरीर ढिलं सोडलं तर ती लगेच धाडकन आपटते. शिक्षकाच्या स्वतःच्या सरावाला यासारखं यंत्र नाही. पण चारही स्प्रिंगा सारख्या असल्यामुळे कमीत कमी ताण म्हणजेही एक अख्खी स्प्रिंग. खांदा नुकता बरा झालेल्या किंवा गुडघा जपून वापरणाऱ्या माणसाला याच्याखाली उतरायला जागाच उरत नाही. शिवाय बैठक खाली असल्यानं वय झालेल्यांना बसता-उठताना हात द्यावा लागतो.

कंटेम्पररी प्रकारात बहुधा पाच स्प्रिंगा आणि त्या वेगवेगळ्या ताकदीच्या. बॅलन्स्ड बॉडी या कंपनीचा नेहमीचा संच तीन लाल, एक निळी, एक पिवळी असा. त्यात पिवळी सगळ्यात हलकी. फूटबारची (पाय टेकवायच्या दांड्याची) उंची आणि जागा दोन्ही बदलता येतात, दोऱ्या पुलीवरून जातात आणि चटकन लहान-मोठ्या करता येतात, पाय लावून यंत्र उंचही करता येतं. उणी बाजू अशी की हलणारे भाग जास्त, म्हणजे देखभालही जास्त. आणि कॅरेज इतकी गुळगुळीत चालते की घाईघाईनं केलेली हालचालही बघणाऱ्याला छान दिसते. तरीही एकाच यंत्रावर सगळ्या वयाची माणसं घ्यायची असतील तर पहिला रिफॉर्मर हाच घ्यावा.

दुकानात गेल्यावर नेहमीचे अवघड व्यायाम करून दाखवायच्या मोहात पडू नका, त्यातून यंत्राबद्दल काहीच कळत नाही. सगळ्यात हलकी एकच स्प्रिंग लावा, पाय फूटबारवर ठेवा, आठ मोजेपर्यंत कॅरेज बाहेर आणि आठ मोजेपर्यंत आत. प्रत्येक वेळी एकाच अंतरावर बारीक टक्-टक् जाणवली तर चाक एका जागी चपटं झालंय किंवा त्याला केस-धूळ चिकटलीय. जड स्प्रिंगांवर हे कळत नाही, कारण तिथे पाय जोरात ढकलतात. मग शोल्डर ब्लॉक (कॅरेजवरचे खांदे टेकवायचे ठोकळे) धरून कॅरेज आडवी हलवून बघा. रुळात ती डावी-उजवीकडे खडखडत असेल तर सोडून द्या. फूटबारवर हात ठेवून फळीसारखं शरीर ताणून लाँग स्ट्रेच करा आणि बार डुलतो का बघा. शेवटी दोन्ही पट्टे शोल्डर ब्लॉकवरून ओढून एकमेकांशेजारी धरा. लांबीत फरक असेल तर पाय पट्ट्यात घालून वर्तुळं काढताना कंबरेचं हाड एका बाजूला फिरतं आणि शिक्षक उगाच त्या माणसाला ‘कंबर सरळ ठेवा’ सांगत बसतो.

जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त अवघड, ही नवख्या शिक्षकांची नेहमीची समजूत. पायांच्या कामात ती खरी आहे. पण लाँग स्ट्रेचमध्ये स्प्रिंग कमी केली की कॅरेजचा आधार जातो आणि पोटाला जास्त राबावं लागतं. कमजोर माणसाला ‘हलकं’ म्हणून एक स्प्रिंग दिली तर तो खांदे कानापर्यंत चढवून स्वतःला तोलतो. पाय पट्ट्यात घालायचे असतील तर साधारण दोन मध्यम स्प्रिंगांपासून सुरुवात करावी. त्याहून कमी असतील तर पाय खाली जातात आणि पाठीची कमान उचलली जाते.

नर्तक-शिक्षकांचे काही हट्ट यंत्रावर लगेच उघडे पडतात. टाचा जुळवून पंजे उघडायचे म्हटले की ते समोरच्याचे पाय मंचावरच्यासारखे पार बाहेर वळवतात. इथे पंज्यांमध्ये मूठभर अंतर पुरे. जास्त वळवलं की गुडघा पंज्याच्या रेषेत राहत नाही. मागे झुकणारे गुडघे असतील तर पाय पूर्ण ताठ व्हायच्या जरा आधी थांबवा. हेडरेस्टचं (डोकं टेकवायच्या भागाचं) तर बजावूनच सांगायला हवं: शॉर्ट स्पाइनसारखा पाय डोक्यावरून नेणारा कुठलाही व्यायाम असेल तर तो आधी सपाट करायचा. उचललेल्या हेडरेस्टवर सगळं वजन मानेवर येतं. उभ्यानं करायच्या व्यायामांत चढताना आधी न हलणाऱ्या फळीवर पाय, मग कॅरेजवर. उतरताना कॅरेजवरचा पाय आधी काढायचा. सर्वांत जास्त घसरायला होतं ते हा क्रम उलटा झाल्यावर.

जागेचा अंदाज नुसत्या यंत्राच्या लांबीवरून बांधू नये. यंत्र साधारण आठ फूट लांब, पण हात-पाय दोन्ही बाजूंना पसरतात, शिक्षकाला बाजूनं फिरावं लागतं. दोन यंत्रांमध्ये तीन फूट तरी मोकळे ठेवा. जमीन समपातळीत आहे का, हे स्पिरिट लेव्हलनं आधी तपासा. सगळ्या स्प्रिंगा काढल्यावर कॅरेज आपोआप एका टोकाकडे सरकली तर ताण दोन्ही दिशांना सारखा लागत नाही.

देखभालीत रूळ आणि चाकं पहिली. रूळ मऊ, किंचित ओल्या कपड्यानं पुसावेत आणि चाकांना गुंडाळलेले केस चिमट्यानं काढावेत. आवाज येतो म्हणून चाकांवर तेल मारू नका, त्यावर धूळ बसून आठवड्यात आवाज दुप्पट होतो. स्प्रिंग मोकळी असताना वेटोळ्यांमध्ये फट दिसली, गंज आला, कुठे मोड पडली किंवा टोकाचा हुक वाकला तर ती त्याच दिवशी बदलायची. वरून धडधाकट दिसली तरी गजबजलेल्या स्टुडिओत दोन वर्षांनी संच नवा घ्यावा. स्प्रिंग काढता-लावताना एक हात कॅरेजवर ठेवावा. आणि कॅरेजखालचे बोल्ट महिन्यातून एकदा पान्यानं आवळून बघा, ते सैल होतात आणि वरून दिसत नाहीत.

वापरलेला रिफॉर्मर स्वस्तात मिळत असेल तर स्प्रिंगा, दोऱ्या आणि चाकं तिन्ही बदलावी लागतील असं धरूनच किंमत करा. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून निघतात का, हे कंपनीला थेट विचारा. निघत नसतील तर घेऊ नका.